फुफाट्यापेक्षा आग बरी

तवा तापला का हे बघायला आपण ओल्या हाताने दोन थेंब झटकतो. चर्र झालं की समजायचं, तापला. पण आच मोठीच ठेवून आणखी जरा थांबलं तर हे चर्र होतच नाही. थेंब गोल गरगरीत होतो, पाऱ्याच्या गोळीसारखा तवाभर सैरावैरा धावतो आणि इतक्या धगीतही संपायचं नाव घेत नाही. मला तर हा खेळ बघताना आपण तवा कशासाठी ठेवला होता याचाच विसर पडतो.

पाणी उकळतं १०० अंशांना. तवा त्याहून थोडाच जास्त तापलेला असेल तर थेंब पसरतो, धातूला चिकटतो, तडतडतो आणि बघता बघता नाहीसा होतो. तापमान साधारण २०० अंशांच्या पुढे गेलं (नेमका आकडा पृष्ठभाग किती गुळगुळीत यावरही ठरतो) की थेंब टेकता टेकताच त्याच्या तळाची वाफ होते. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा तिचा थर, पण तो अख्खा थेंब तोलून धरतो. मागे दिवा ठेवला तर त्या फटीतून उजेडही दिसतो. वाफेतून उष्णता फार सावकाश जाते, म्हणून थेंब तगतो; खाली घर्षण जवळपास नाही, म्हणून धावतो. आगीतून फुफाट्यात पडणं वाईट, हे थेंबाइतकं कुणालाच पटणार नाही.

पोलादाला पाणी देणाऱ्यांना, म्हणजे तापलेलं पोलाद पाण्यात बुडवून झटकन निववून कडक करणाऱ्यांना, मात्र हीच वाफ नकोशी असते. लालबुंद तुकड्याभोवती तिचं पांघरूण बसलं की तो लवकर निवत नाही. म्हणून तो पाण्यात हलवत राहावा लागतो.

योहान लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने १७५६ मध्ये या प्रकारावर लिहिलं. लोखंडी चमचा लाल होईतो तापवायचा, त्यात थेंब सोडायचा आणि तो किती वेळ टिकतो ते मोजायचं. पहिला थेंब अर्धा मिनिट टिकला. चमचा निवत गेला तसे पुढचे थेंब लवकर लवकर संपले. त्याच्या चिकाटीचं मला खरं कौतुक वाटतं ते पुढच्या निरीक्षणासाठी. दिसेनासा होण्याइतका बारीक झालेला थेंब शेवटी 'तड्' असा आवाज करून फुटतो आणि मागे मातीचा कण राहतो, हेही त्याने नोंदवलं.

हा आवाज कसला, याचा उलगडा २०१९ मध्ये वेगवान कॅमेऱ्यांनी केला. थेंब आटतो तशी त्यातली अशुद्धी पृष्ठभागावर गोळा होत जाते. असा थेंब शेवटी तापल्या धातूला टेकतो आणि फुटतो. अगदी लहान, स्वच्छ थेंबाचं तसं होत नाही. तो आटत आटत इतका हलका होतो की खालची वाफच त्याला उडवून लावते. नळाच्या पाण्याने 'तड्' ऐकायला मिळेल. उडणारा थेंब नुसत्या डोळ्यांनी टिपणं मात्र कठीण, कारण तोवर तो मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढाही उरलेला नसतो.