आईचं दुखणं मुलाच्या तोंडून नको

काही वर्षं मी निर्वासित कुटुंबांसोबत व्हॉलंटियर म्हणून जायचे, फॉर्म भरून द्यायचे, दवाखान्यात सोबत करायची, असलीच कामं. एकदा एका बाईंसोबत डॉक्टरकडे गेले, त्यांची भाषा तिथं कुणालाच येत नव्हती, म्हणून त्यांचा नऊ-दहा वर्षांचा मुलगाच मधे बोलत होता. शाळेत जाऊन तो नवी भाषा पटकन शिकलेला ना. डॉक्टरांनी विचारलं, रात्री झोप लागते का? मुलानं आईकडे बघितलंसुद्धा नाही, लागते म्हणाला. मग प्रश्न आला, जगणं नकोसं वाटतं का कधी? तो थोडा वेळ शर्टाचं बटण पिळत बसला, मग आईला हळूच काहीतरी विचारलं, आई बराच वेळ बोलत राहिल्या, आणि त्यानं एवढंच सांगितलं, "नाही."

मी तेव्हा गप्प बसले, ते अजून सलतं. तेवढ्याशा पोराच्या डोक्यावर आपण केवढं ओझं टाकलं. घरातलं माणूस, त्यातही मूल, दुभाषी म्हणून कधीच नको. ट्रेनिंग घेतलेली मोठी व्यक्ती हवी, फोनवर असली तरी चालेल, आणि बाई हवी की पुरुष हे आधी त्यांनाच विचारा. ज्यांच्या भीतीनं घर सोडलं त्याच गटातला दुभाषी समोर आला तर कोण तोंड उघडेल?

शब्दांचंही तसंच. २०१७ च्या ऑगस्टपासून म्यानमारमधून ७ लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात आले, त्यांच्यात मनाच्या तगमगीला 'ओशांती' म्हणतात. आपल्याला ऐकताक्षणी कळतो ना हा शब्द? पण त्यांना "डिप्रेशन आहे का" विचारलं तर नाही म्हणतील. कितीतरी जण डोकं दुखतं, छातीत जळजळतं असंच सांगतात, ते तसंच ऐकून घ्यायचं.

डब्ल्यूएचओच्या २०१९ च्या अंदाजानुसार संघर्षग्रस्त भागात साधारण दर ५ माणसांत १ जणाला काही ना काही मानसिक आजार असतो. म्हणजे उरलेले चार मजेत असतात असं नाही, पण त्यांना पेशंट करायचीही गरज नाही. आपल्याला वाटतं जे मागे घडलं तेच छळतंय, पण पुष्कळदा आत्ताचंच जास्त छळतं, म्हणजे आश्रयाच्या केसचा निकाल लागत नाही, कामाची परवानगी नाही, आणि भाऊ बेपत्ता आहे, तो जिवंत आहे की नाही तेही माहीत नाही, म्हणून धड रडताही येत नाही. पॉलीन बॉस या अमेरिकन थेरपिस्टनी माणूस गेलं की आहे हेच कळत नाही अशा दुःखाला 'अँबिग्युअस लॉस', म्हणजे अनिश्चित हानी, असं नाव दिलंय. म्हणून एखाद्याचा अडकलेला कागद सोडवून देणं हीसुद्धा मनाचीच मदत आहे, मला तरी ती सगळ्यात मोठी वाटते.

आणि प्लीज, भेटल्या भेटल्या "तुमच्यासोबत काय झालं?" विचारू नका. ती कहाणी त्यांनी अधिकाऱ्यांपुढे चारदा सांगितलेली असते, तारखा चुकल्या तर खोटं ठरू या धास्तीनं. घटनेनंतर लगेच सगळं खोदून बोलायला लावल्यानं फायदा होत नाही, डब्ल्यूएचओही ते नको म्हणते. २०११ च्या त्यांच्या मानसिक प्रथमोपचाराच्या गाईडमध्ये सरळ सांगितलंय, बघा, ऐका, हव्या त्या मदतीशी जोडून द्या. स्वतःहून बोलले तर ऐका, नाही बोलले तर नुसतं शेजारी बसा. पण जीव द्यायचा विचार दिसला तर मात्र स्पष्ट विचारायचं, एकटं सोडायचं नाही, आणि लगेच डॉक्टर गाठायचा.

त्या बाईंना परत नेलं तेव्हा मी आधीच फोन करून दुभाषी मागून घेतली. आईंनी मुलाला बाहेर बसायला सांगितलं, दार लावलं. त्या अर्ध्या तासाहून जास्त बोलल्या. बाहेर आले तर पोरगं दोन खुर्च्या जोडून गाढ झोपलं होतं.