तलाव, पण बाजूने

आमच्या गॅलरीतल्या काचेच्या टाकीत सध्या कांदे आहेत. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी ती टाकी पूर्वी दिवाणखान्यात असे, तिच्यात पन्नासेक लिटर पाणी आणि चार गोल्डफिश असत, आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा सोफ्यावर बसण्याआधी काचेवर एकदा तरी टिचकी मारत असे. गेल्या मे महिन्यात, कूलर पूर्ण वेगाने चालू असूनही घराच्या भिंती तापलेल्याच असताना, मुलीने त्या कांद्यांकडे पाहत विचारले, “आई, पैसे कितीही, जागा कितीही, तर तुझा फिश टँक कसा असेल गं?” मी पंचवीस वर्षे हिशेब खात्यात काढली आहेत. वरची मर्यादा नसलेले अंदाजपत्रक आजवर कोणी माझ्या टेबलावर ठेवलेले नाही. त्यामुळे प्रश्न ऐकून आधी मी थोडी बावचळले आणि मग पुढचे कितीतरी दिवस, ऑफिसच्या ताळेबंदावर मान खाली घालून, त्याच एका टाकीचा विचार करत राहिले.

पहिल्यांदा अर्थातच समुद्र आठवला. मुंबईचा समुद्र पाहायला आम्हांला नागपूरहून रेल्वेने आठशेहून अधिक किलोमीटर जावे लागते, आणि इतक्या लांबचे जे असते ते स्वप्नात हटकून मोठे होऊन येते. चौथीत असताना मी आत्याकडे मुंबईला गेले होते, तेव्हा १९५१ साली सुरू झालेले मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले. रस्त्यापलीकडे खरा समुद्र पसरलेला असताना त्याच्याकडे पाठ करून मी काचेतला समुद्र पाहत उभी होते, आणि आत्याला मला दंडाला धरून बाहेर काढावे लागले होते. त्या ओढीने आता मी थेट जपान गाठले. ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयातल्या मुख्य टाकीत साडेसात हजार घनमीटर पाणी आहे, त्यात व्हेल शार्कसुद्धा मावतो, आणि त्या टाकीच्या दर्शनी ॲक्रिलिकची जाडी साठ सेंटिमीटर आहे. म्हणजे माझ्या टाकीची जेवढी लांबी, तेवढी त्या टाकीची नुसती काच जाड! हे वाचल्यावर कांद्यांची टाकी मला अचानक आगपेटीसारखी दिसू लागली.

पण हिशेब खात्यातला माणूस स्वप्नातही बेरीज करतोच. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम मीठ असते. त्या हिशेबाने चुराउमीएवढी टाकी नागपुरात भरायची तर नुसते मीठच अडीचशे टनांच्या वर लागेल, म्हणजे मालगाडीचे चार-पाच डबे, आणि ते खारे पाणी बाहेर पंचेचाळीस अंश असताना आत पंचवीस-सव्वीस अंशांवर ठेवायला वीज किती लागेल ते मी मुद्दामच मांडले नाही. खर्चाचा प्रश्न नाही असे मुलीने सांगितले होते, पण लाजेचा होता. ज्या शहराच्या कडेच्या वस्त्यांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, तिथे समुद्र आणून ठेवायचा आणि त्याला थंडही करायचे, हे मला स्वप्नातसुद्धा जमेना. त्यातच बर्लिनची आठवण झाली. तिथल्या एका हॉटेलातली दहा लाख लिटरची उभी दंडगोल टाकी डिसेंबर २०२२ मध्ये एका पहाटे फुटली, आणि आतले सुमारे दीड हजार मासे पाण्याबरोबर बाहेर फेकले गेले. समुद्र मी तिथेच सोडला.

त्यानंतर दोन-चार दिवस मी लिस्बनच्या प्रेमात होते. ताकाशी आमानो या जपानी छायाचित्रकाराने, पाण्याखालच्या बागा रचण्यात ज्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, तिथल्या मत्स्यालयासाठी २०१५ साली, म्हणजे आपल्या मृत्यूच्याच वर्षी, चाळीस मीटर लांबीची आणि एक लाख साठ हजार लिटरची गोड्या पाण्याची टाकी रचली. तिची छायाचित्रे पाहताना पाण्याखाली जंगल उगवले आहे असेच वाटते: ओंडके, शेवाळलेले दगड, मधून वळणारी वाळूची वाट आणि हजारो बारीक मासे. सुंदर आहे, यात वाद नाही. मात्र ते सौंदर्य नीट भांग पाडलेल्या केसांचे आहे. तिथे कोणीतरी रोज कात्री घेऊन पाण्यात उतरत असणार, हे एकदा मनात आले की मग आपणही कडेने चालताना चपला काढाव्यात असे वाटू लागते.

माझ्या स्वतःच्या टाकीचे काय झाले तेही सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यातूनच निघाले. ज्या दुकानातून ती घेतली तिथे मला सांगण्यात आले होते की दर रविवारी सगळे पाणी बदलायचे आणि खडे घासून स्वच्छ धुवायचे. मी भांडी घासावीत तसे ते खडे घासत असे. माशांच्या विष्ठेतून पाण्यात अमोनिया तयार होतो, खड्यांवर राहणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी असे नायट्रेट करतात, आणि या जिवाणूंची वसाहत नीट बसायला महिना-दीड महिना लागतो, हे मला फार उशिरा कळले. थोडक्यात, जी मंडळी माझे मासे जगवत होती त्यांना मी दर रविवारी नळाखाली धरून मोरीत सोडून देत होते. एका मे महिन्यात दुपारी लाइट गेली ती तीन तास आलीच नाही. हवेचा पंप बंद, आणि पाणी तापत चाललेले. पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी मावतो: वीस अंशांवर लिटरमागे नऊ मिलिग्रॅम, तर पस्तीस अंशांवर जेमतेम सात. चारही मासे तोंडे पाण्याबाहेर काढून पाण्याची कड चावल्यासारखे करत होते. आम्ही वर्तमानपत्राने वारा घातला, ह्यांनी चमच्याने पाणी ढवळले. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत एकही उरला नाही. महिनाभराने सासूबाईंनी रिकाम्या टाकीत कांदे भरले, आणि मीही काही बोलले नाही.

आता मामाच्या गावाकडे येते. माझे आजोळ भंडारा जिल्ह्यात आहे आणि गावाला एक मामा तलाव आहे. लहानपणी कितीतरी वर्षे मला वाटे की तो तलाव माझ्या मामाचा आहे म्हणून त्याचे नाव मामा तलाव, आणि शाळेत मी तसे अभिमानाने सांगतही असे. शेवटी मामाच हसून म्हणाला, “माह्या नाही वं तो, मालगुजाराचा होता, आता सरकारचा आहे.” मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, १९५० च्या कायद्याने गेली, तलाव ‘माजी मालगुजारी’ झाले आणि त्या दोन शब्दांच्या आद्याक्षरांतून मामा निघाला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात असे हजारो तलाव आहेत. कोहळी समाजाच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या उताराचा अंदाज घेत मातीची पाळ घालून ते बांधले, त्यांच्याखाली धान पिकले, आणि ढिवरांच्या जाळ्यांनी त्यांतले मासे गावाला पुरवले. त्या पाळीवर बसून मी सगळ्या सुट्ट्या काढल्या. मात्र तलाव मी नेहमी वरूनच पाहिला. वरून तलाव म्हणजे फक्त आकाश, कमळाची पाने आणि अधूनमधून उठणारे एखादे वर्तुळ. त्या वर्तुळाखाली कोण होते हे मला कधीच दिसले नाही.

म्हणून माझे मत्स्यालय म्हणजे बाजूने पाहिलेला तलाव. पाणी काचेत आणायचे नाही, काच पाण्याकडे न्यायची. मामाला हे फोनवर सांगितले, तर त्याला वाटले मी गावच्या पाळीला भोक पाडणार आहे, आणि तो दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. तेव्हा ठरले की नवीनच बोडी, म्हणजे आमच्याकडचे तळे, खोदायची, भंडारा रस्त्याने पारडी सोडून पुढे, मौद्याच्या बाजूला, जिथून धानाची शेते दिसू लागतात. जागा कितीही घ्यायची मुभा असल्यामुळे बोडीबरोबर तिला पाणी देणारा सगळा उतार मी विकत घेईन आणि त्यावर काहीही बांधणार नाही. बोडी कमाल तीन मीटर खोल. पाण्याचा दाब तलावाच्या रुंदीवर ठरत नसतो, खोलीवर ठरतो. त्यामुळे तलाव अर्धा मैल पसरला तरी काचेच्या तळाशी दर चौरस मीटरला तीन टनांचाच भार येईल, आणि काच दोन फूट जाड करावी लागणार नाही. एका बाजूने जमिनीखाली उतरत जाणारी, ओल्या मातीचा वास असलेली वाट, आणि तिच्या शेवटी लांबच लांब खिडकी. काचेपुढे लाकडी बाक.

त्या बाकावर बसले की मला काय दिसेल, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की ते आता कल्पना वाटत नाही. वरच्या थरात कटला, त्याचे तोंडच वर वळलेले, कारण तो पृष्ठभागाजवळचे खातो; मधल्या थरात रोहू; आणि तळाशी, खाली वळलेल्या तोंडाने गाळ चाचपणारा मृगळ. तीन मजली वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखे हे एकमेकांच्या चुलीला हात न लावता राहतात. काठाच्या उथळ पाण्यात शिंगाडा. हिवाळ्यात नागपुरात आपण उकडलेले शिंगाडे खातो, पण त्या वेलीच्या पानाच्या देठावर हवा भरलेला फुगीर भाग असतो आणि त्यावर ती तरंगते, पाण्याखाली तिला पिसांसारख्या हिरव्या झिपऱ्या लोंबत असतात, हे खाताना कोणाला ठाऊक असते? त्या झिपऱ्यांत चंदा नावाचे, काचेसारखे पारदर्शक छोटे मासे, ज्यांचा काटा बाहेरून मोजता येतो. (काही देशांत व्यापारी त्यांना सुई टोचून अंगात रंग भरत आणि विकत असत. असल्या माणसांना माझ्या वाटेवर उतरू दिले जाणार नाही.) आणि छप्पर नसल्यामुळे पक्षी येतीलच. टिबुकली वरून पाहताना फक्त ‘गेली’ इतकेच कळते. इथे ती हवेचे बुडबुडे मागे सोडत, पाय मारत काचेसमोरून तिरपी जाताना दिसेल.

मरळीसाठी मी वेगळा कोपरा राखून ठेवला आहे. बाजारात मरळ जिवंत मिळते, कारण ती हवेतूनही श्वास घेते, आणि आपल्याकडे तिच्या रश्शाचे जितके कौतुक होते तितके तिच्या संसाराचे होत नाही. मरळीची पिल्ले शेंदरी रंगाची असतात आणि शेकडोंनी एकत्र, एका गोळ्यात फिरतात. वरून पाहिले तर पाण्याखाली कुंकू सांडल्यासारखे दिसते, आणि त्या गोळ्याच्या बरोबर खाली, पिल्लांच्या सावलीत, हातभर लांबीचा बाप किंवा आई पहारा देत असते. हा पहारा मला बाजूने पाहायचा आहे. पाळीवरून मला फक्त कुंकू दिसले होते.

कटला, रोहू आणि मृगळ साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. पावसाळ्यात नदीला पूर आला की वाहत्या पाण्यात घालतात. म्हणून पूर्वी तलावात सोडायचे बीज नदीतून गोळा करावे लागे. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी माशांच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांना तळ्यातच अंडी घालायला लावले, आणि आज देशभरातली मत्स्यशेती अशाच इंजेक्शनवर उभी आहे. माझ्या खर्चाला मर्यादा नसल्यामुळे मी त्यांना इंजेक्शन न देता नदी देईन. उतारावरून बोडीत येणारा, वळणे घेणारा, खडकांवरून फुटणारा एक किलोमीटरभर लांबीचा ओढा, म्हणजे मृग नक्षत्राच्या पहिल्या दमदार पावसाला चढणीचे मासे त्यातून वर जाऊ लागतील. ओढ्याच्या बाजूलाही एक छोटी खिडकी. तिथून फारसे काही दिसणार नाही, कारण त्या दिवसांत पाणी चहाच्या रंगाचे असेल, आणि ते गाळून स्वच्छ करावे असे सुचवणाऱ्या सल्लागाराला मी नमस्कार करून परत पाठवीन. जुलैमध्ये येणाऱ्याने काचेला कान लावावा.

बोडीतून सांडव्याने बाहेर पडणारे पाणी खालच्या धानाच्या बांध्यांत जाईल. जे नायट्रेट माझ्या टाकीत नुसते साचत राहिले होते, ते तिथे धानाला खत म्हणून मिळेल. खडे घासायला कोणालाही ठेवायचे नाही, हा नोकरभरतीचा पहिला नियम.

आणि मे महिन्यात माझ्या मत्स्यालयाच्या अर्ध्या भागात पाणीच नसेल. सगळ्यांत जास्त पैसा मी या एका गोष्टीवर, म्हणजे ती घडू देण्यावर, खर्च करणार आहे. तलाव आटतो तसा तो आटू द्यायचा. बोअरचे पाणी आत सोडायचे नाही. काचेपलीकडे आधी चिखल दिसेल, मग त्याला भेगा पडतील, आणि खोलगट भागातल्या ओल्या चिखलात मरळ अंग रोवून, तोंडाने हवा घेत पावसाची वाट पाहत असेल. कटला-रोहू तोपर्यंत मधल्या खोल डोहात सरकलेले असतील. पर्यटक तक्रार करतील. “तिकिटाचे पैसे परत मागतील गं,” असे मुलगी म्हणालीच. मी तिला सांगितले की त्यांनाही बाकावर बसवू, माठातले वाळ्याचे पाणी देऊ आणि चिखलातला एक बुडबुडा दाखवू. “आणि तो आलाच नाही तर?” तिने विचारले. नाही आला तर दुसऱ्या दिवशी फुकट.

पाहण्याची माझी स्वतःची वेळ मात्र पहाटेची असेल. दिवसभर पाणवनस्पती उन्हात प्राणवायू सोडत असतात, दुपारी त्यांच्या पानांवर त्याचे मणी धरलेले दिसतात. रात्री त्या स्वतःच तो वापरतात, आणि उजाडण्याच्या जरा आधी तलावातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. तेव्हा मासे वर येतात आणि तोंडे उघडून पृष्ठभागावरचा पातळसा थर पितात. माझ्या चार गोल्डफिशना ते करताना मी पाहिले आहे, पण त्यांना उजाडणे मिळाले नाही. इथे मी चार वाजता थर्मासमध्ये चहा घेऊन खाली उतरेन, दिवा लावणार नाही, आणि वरच्या अंधारात शेकडो तोंडांची उघडझाप होत असताना काचेशी बसून राहीन. मग पूर्वेकडून, मौद्याच्या बाजूने, पाण्यात आधी राखाडी आणि मग हिरवट उजेड उतरेल, शिंगाड्याच्या झिपऱ्यांवर पहिला मणी धरेल, आणि मासे एकेक करून आपापल्या मजल्यावर परत जातील. तिकीटखिडकी दहाला उघडते. तोपर्यंत ती काच माझी.