तुम्ही विचारलंत म्हणून: अंडं, दूध, चरबी काढली तर चिनी बेकरीत उरतं काय?

हाँगकाँगकडून परदेशी गेलेल्या घरांतली तरुण मंडळी आजी-आजोबांचे पदार्थ व्हीगन करून बेकरी काढताहेत, हे कानावर आलं की हा प्रश्न हमखास येतो. उत्तर एका शब्दात: बरंच. मूनकेक म्हणजे पुरण भरून साच्यात पाडलेली चिनी मिठाई. तिच्या पारीत मुळात मैदा, साखरेचा पाक, शेंगदाणा तेल आणि खाराचं (अल्कलीचं) पाणी एवढंच असतं. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस-मच्छी वर्ज्य करणारी बौद्ध घरंही तिकडे पुष्कळ आहेत, त्यामुळे शाकाहार या स्वयंपाकघराला परका नाही. अवघड जातं ते वेगळ्याच ठिकाणी.

सगळ्यात आधी वजनं. घरची जुनी वही असेल तर तिच्यात ग्रॅम नसतात, कॅटी आणि टेल ही चिनी वजनं असतात. हाँगकाँगची कॅटी ६०४.८ ग्रॅम आणि तिचे १६ टेल, म्हणजे टेल ३७.८ ग्रॅमचा. चीनमध्ये आजची कॅटी ५०० ग्रॅमची आणि तिचे १० भाग. वही कुठे आणि कधी लिहिली हे न बघता हिशेब मांडला तर पहिलाच घाणा फसतो, आणि दोष बिचाऱ्या सोयादुधाला लागतो.

मग चरबी. 'लाओपो बिंग', म्हणजे शब्दशः बायकोची पोळी, हिचे पदर चरबीवर उभे असतात. पद्धत आपल्या चिरोट्यांच्या साट्याशी अगदी जवळची. बाहेरच्या पिठाला १०० ग्रॅम मैदा, १० साखर, ३५ स्निग्ध आणि साधारण ४५ पाणी. आतल्या साट्याला ८० मैदा आणि ४० स्निग्ध. साटा आत गुंडाळून दोनदा लाटायचं आणि दर लाटण्यानंतर २० मिनिटं झाकून ठेवायचं. घाई केली की पीठ ओढून मागे येतं आणि पदर फाटतात. चरबीऐवजी नुसतं खोबरेल घ्यायचा मोह होतो, पण ते २४ अंशांच्या आसपास वितळतं. भट्टीशेजारच्या टेबलावर साटा पिठात मुरून जातो आणि खुसखुशीत पदरांऐवजी नानकटाई हाती येते. मार्जरीनमध्ये पाणी असतं, त्याने पदर चिकटतात. पाणी नसलेलं, घट्ट राहणारं, डालड्यासारखं वनस्पती शॉर्टनिंगच घ्यावं. आतलं सारण पाकवलेल्या कोहळ्याचं, म्हणजे आपल्या पेठ्याचंच भावंड: बारीक चिरून त्यात भाजलेलं चिकट तांदळाचं पीठ, तीळ आणि पाणी. वरून सुरीने दोन चिरा द्यायला विसरू नका, नाहीतर आतली वाफ बाजू फोडून सारण बाहेर काढते.

'बोलो बाओ' हा मऊ गोड पाव, वर तडकलेला साखरी पापुद्रा. या तड्यांवरूनच त्याला अननसाचं नाव पडलं, आत अननस नसतो. पाव मऊ राहण्यासाठी अंडं लागतंच असं नाही. २५ ग्रॅम मैदा १२५ ग्रॅम पाण्यात मंद आचेवर ढवळत ६५ अंशांपर्यंत न्यायचा. चमच्याच्या रेघा उमटायला लागल्या की उतरवायचा. हे खिमट गार करून ३५० ग्रॅम ब्रेडचा मैदा, ५० साखर, ६ मीठ, ६ इन्स्टंट यीस्ट, १३० सोयादूध आणि शेवटी ३५ तेल यांत मळायचं. पिठाने धरून ठेवलेलं पाणी भट्टीत सहजी सुटत नाही, म्हणून पाव दुसऱ्या दिवशीही मऊ असतो.

खरी परीक्षा वरच्या पापुद्र्याची. १०० मैदा, १५ कस्टर्ड पावडर, ५५ साखर, ४५ शॉर्टनिंग, २० सोयादूध, २ बेकिंग पावडर, १ सोडा. साखर दाणेदारच हवी. पिठीसाखरेने वरचा भाग टोपीसारखा गुळगुळीत राहतो, तडकत नाही. पिवळ्या रंगासाठी हळद घालायचं कुणी सुचवलं तर नको म्हणा. सोड्याशी गाठ पडली की हळद लाल होते, कुंकू असंच तर करतात. रंग आणि वास कस्टर्ड पावडरच देते. आल्फ्रेड बर्ड यांनी ती १८३७ मध्ये बर्मिंगहॅमला बनवली, तीच मुळी बायकोला अंडं सोसत नव्हतं म्हणून. ६० ग्रॅमच्या गोळ्यावर २५ ग्रॅमची चकती, गोळा पुरता फुगल्यावर ठेवायची, आणि १८० अंशांवर १५ ते १८ मिनिटं भाजायचं.

मूनकेकला १०० मैदा, ७२ पाक, २५ शेंगदाणा तेल, २ खाराचं पाणी. खार कमी पडला तर पारी फिकट राहते, जास्त झाला तर काळपट आणि कडवट. पारी ३ भाग आणि पुरण ७ भाग हे जुनं प्रमाण. नवशिक्याने ४ आणि ६ घ्यावं. पुरणात ठेवतात त्या अंड्याच्या खारवलेल्या बलकाच्या जागी शिजवून घोटलेली मुगाची डाळ, भोपळा आणि चिमूटभर काळं मीठ: त्यातला गंधकाचा वास हुबेहूब अंड्याचा. वरून अंडं पुसण्याऐवजी सोयादुधात थोडा पाक मिसळून, अगदी निथळलेल्या ब्रशने. ओला ब्रश फिरवला की साच्याची नक्षी बुजते. भट्टीतून काढल्यावर पारी कडक लागते म्हणून घाबरू नये. डबाबंद ठेवली की दोन-तीन दिवसांत आतलं तेल पारीत येतं आणि ती मऊ, चकचकीत होते. विक्री त्यानंतरच.

अंड्याचा टार्ट मात्र पहिल्या वर्षी फळ्यावर लिहू नका. अंड्याचं ते थरथरणारं, कोमट मऊपण कॉर्नफ्लॉवरने येत नाही, खिरीसारखं होतं. चायना ग्रासने केलेलं सुरीखाली कटकन तुटतं. नारळाचं आणि सोयादूध निम्मं-निम्मं, दर ४०० ग्रॅमला ३० कॉर्नफ्लॉवर आणि अर्धा ग्रॅम चायना ग्रास, वेगळं शिजवून आधीच भाजलेल्या वाटीत ओतलं तर बऱ्यापैकी जमतं. पण त्याला 'कस्टर्ड टार्ट' म्हणून विका. हाँगकाँगमध्ये वाढलेलं गिऱ्हाईक पहिल्या घासाला फरक ओळखतं.