सिकलसेल मदतनिधीसाठी अस्तंबा शिखर (सातपुडा, नंदुरबार) चढणाऱ्या डॉक्टरमंडळींसाठी

तळोद्याच्या जीपवाल्याचं "दोन तासनं काम शे, भाऊ" ऐकून पाण्याचा हिशेब करू नका. गाडी सोडल्यापासून माथ्यापर्यंत, औषधांच्या बॅगा पाठीवर असलेल्या गटाला पाच तास लागले, उतरायला साडेचार. माणशी दोन लिटर पाणी वाटेतला जुना अस्तंबा येईपर्यंतच संपलं. चार लिटर घ्या. दिवाळीनंतर झरे आटत जातात, त्यांचा भरवसा नाही.

डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घरी ठेवा. शिखर सुमारे 1,325 मीटर आहे आणि उंचीचा त्रास साधारण 2,500 च्या वर सुरू होतो. इथे माणूस आडवा होतो तो पाणी कमी पडून किंवा घसरून. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. ते घाईघाईत अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतलं की मिठाचं प्रमाण दुप्पट होतं, उलटी होते आणि होतं तेही पाणी जातं. पाकिटं नव्हे, एक लिटरच्या बाटल्या मोजून घ्या.

आता सर्वांत महत्त्वाचं. ज्यांच्यासाठी निधी गोळा करतो, त्याच पाड्यांमधली पोरं आपल्या बॅगा वाहतात. चढाईच्या आठवडाभर आधी त्यांची सिकलसेलची (रक्तातल्या तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) तपासणी झालीच पाहिजे. सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली तर पोरगा वाहक (आजाराचा एकच जनुक असलेला) की रुग्ण हे त्यावरून कळत नाही, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पक्की रक्ततपासणी करावी लागते. रुग्णाला वर नेऊ नका. वाहक चढू शकतो, पण शर्यत नको आणि पाणी थांबू नये. त्याचे पाय दुखण्यापेक्षा लुळे पडायला लागले आणि स्नायू पेटक्यासारखा कडक लागला नाही, तर "गोळा आला असेल" म्हणून चोळत बसू नका. बसवा, सावलीत घ्या, पाणी द्या, खाली आणायची तयारी करा.

शेवटचा टप्पा वाईट आहे, आणि चढताना तो कळत नाही. मुरूम सुटा, त्यावर वाळलेलं गवत, आणि गवताखाली गोट्यांसारखे खडे. उतरताना टाच टेकवली की पाय सरकतो. आडवं उभं राहून, पूर्ण तळवा टेकवत उतरा. दोघांत पाच-सहा मीटर अंतर ठेवा आणि कुणी कुणाच्या बरोबर खाली उभं राहू नका. गवत धरू नका, मुळासकट हातात येतं. आठ किलोची एकच औषधपेटी नेणं ही सरळ चूक आहे. बँडेज-स्प्लिंट, औषधं आणि रक्तदाबयंत्र अशा तीन बॅगा करा. हाताच्या आधाराला तीस मीटर दोर हवा. ट्रेकिंग पोलची टोकं या मुरुमात धरत नाहीत, काठी बरी.

घोटा मोडला तर बांबूलन्सच. बांबूला झोळी बांधून नेताना एका वेळी चौघे खांदा देतात, तेही शंभरेक पावलांवर बदलावे लागतात. म्हणून बारापेक्षा कमी माणसांनी जाऊ नये. साप चावला तर आवळपट्टी नको, चिरा नको. अवयव स्थिर ठेवा आणि धडगाव किंवा तळोद्याच्या रुग्णालयाकडे निघा. अँटीव्हेनम डोंगरावर टोचू नका, रिअ‍ॅक्शन आली तर तिथे हाताशी काही नसतं.

धनत्रयोदशीच्या यात्रेत हा कार्यक्रम ठेवू नका. त्या गर्दीत झोळी उतरवायला वाट मिळत नाही.

जीप 2,500 ला ठरली होती, परतीला 4,000 मागितले. "घाटात उशीर होतो" हे कारण. भाडं, थांबण्याचे तास आणि परतीची जागा सकाळीच कागदावर लिहून घ्या, आणि भाडं स्वतःच्या खिशातून द्या. निधीला हात लावू नका.

तळोदा-धडगाव रस्त्यावरच्या चांदसैली घाटातून अंधाराआधी खाली या. सप्टेंबर 2021 मध्ये दरडीने हा रस्ता बंद असताना एका माणसाने आजारी बायकोला खांद्यावर घेतलं होतं, ती वाटेतच गेली. पावसाळ्यात चढाई ठेवायचीच नाही. कळण्याची भाकरी आणि ठेचा तळोद्यातूनच बांधून घ्या, वर काही मिळत नाही.