शेवटी मागची सीट काढली एकदाची!

शनिवार अख्खा गॅरेजमध्ये. आमची १९८७ ची मर्सिडीज ५६० एसएल, छप्पर उघडणारी, तिची मागची सीट आज काढून टाकली. सीट कसली हो, पाट नुसता! मोठा माणूस बसला की गुडघे हनुवटीला. खाली सापडलं काय, तर क्वार्टरची (२५ सेंटची) २ नाणी आणि बडीशेप (कधीची देव जाणे).

मग तिथे बॅगा ठेवायला शेल्फ करायचं म्हणून खोक्याचा पुठ्ठा कापून माप घेतलं, कारण तिथली एक कडा सरळ असेल तर शप्पथ, आणि त्यावरून १२ मिमीचा प्लाय कापला, तो वाया गेला कारण छप्पर दुमडून ज्या पत्र्याच्या झाकणाखाली जातं ते झाकणच शेल्फला अडायला लागलं. दुसरा आखूड केला, वर करडं कार्पेट चिकटवलं. जुन्या सीटबेल्टच्या भोकांत कड्यांचे बोल्ट हवे होते, पट्ट्यांनी बॅगा आवळायला, नाहीतर ब्रेक मारला की बॅग थेट मानेवर! गाडी जर्मन पण ते आटे ७/१६ इंची निघाले, मेट्रिक बोल्ट बसेचना, परत दुकानात फेरी.

संध्याकाळी २ बॅगा आणि कूलर (बर्फाची पेटी) ठेवून बायकोला ऐटीत दाखवलं. ती म्हणे, "छान आहे, पण जूनमध्ये आई येतेय, तिला कूलरवर बसवणार का?"