चिलटांतून येणारा घोड्यांचा आजार

आफ्रिकन हॉर्स सिकनेस हा विषाणुजन्य रोग एका घोड्यापासून दुसऱ्याला थेट लागत नाही; डासापेक्षाही कितीतरी लहान असलेल्या क्युलिकॉइडिस चिलटांच्या चाव्यातून तो पसरतो, हे दक्षिण आफ्रिकेत डु टॉइट यांनी १९४४ मध्ये दाखवून दिले. रक्त पिते ती केवळ मादी, आणि तीही मुख्यतः तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत. म्हणूनच सूर्यास्तापूर्वी घोडे तबेल्यात घेऊन खिडक्यांना अतिशय बारीक जाळी लावणे मला लसीइतकेच महत्त्वाचे वाटते. रोगाच्या तीव्र प्रकारात फुफ्फुसांत पाणी भरते, नाकपुड्यांतून फेस येतो आणि धडधाकट जनावर पाहता पाहता दगावते. झेब्रा मात्र हाच विषाणू अंगात बाळगूनही सहसा आजारी पडत नाही. १९६० च्या सुमारास ही साथ पश्चिम आशियातून भारतापर्यंत पोहोचली होती. २०२० मध्ये थायलंडमध्ये तिने शेकडो घोड्यांचा बळी घेतला.