टीटीजी नॉर्मल आलं तरी टोटल आयजीए बघा

सिलिअॅक म्हणजे गव्हासारख्या धान्यातल्या ग्लुटेन या प्रोटीनमुळे लहान आतड्याला इजा होण्याचा आजार. त्याची ब्लड टेस्ट केली की सगळ्यांची नजर पहिल्यांदा टीटीजी आयजीए (या आजारात वाढणारी अँटीबॉडी) हिच्या आकड्यावर जाते, तो नॉर्मल दिसला की सुटलो म्हणून लोक रिपोर्ट फाइलला लावून टाकतात. पण काहींच्या शरीरात आयजीए हा अँटीबॉडीचा अख्खा प्रकारच मुळात तयार होत नाही आणि सिलिअॅक असलेल्यांमध्ये अशी माणसं इतरांपेक्षा जास्त सापडतात, मग टीटीजी आयजीए वाढणार तरी कुठून? माझ्या भाचीचं तेच झालं. टीटीजी एकदम नॉर्मल, आणि खाली टोटल आयजीएसमोर "7 पेक्षा कमी", त्या ओळीकडे आधी कोणी बघितलंच नव्हतं. मग आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या अँटीबॉडीवाल्या टेस्ट केल्या, त्या पॉझिटिव्ह आल्या आणि पुढे आतड्याच्या बायोप्सीत सिलिअॅकच निघाला. म्हणून टोटल आयजीए केलेलं नसेल तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा, खरंच विचारा.

दुसरं म्हणजे टेस्टच्या आधी गहू बंद करू नका. गहू, बार्ली, राय यांतलं ग्लुटेन पोटात जातंय तोवरच या अँटीबॉडीज बनत राहतात, बंद केलं की हळूहळू उतरतात आणि आजार असूनही रिपोर्ट साफ येऊ शकतो. मला कळतं, पोट दुखत असताना खात राहायचं म्हणजे त्रासच आहे, पण आधी टेस्ट आणि मगच पथ्य. आधीच बंद केलं असेल तर तसं डॉक्टरांना सांगा.

टीटीजीचा आकडा वाढलेला असेल तर नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या किती पट आहे ते बघा, कारण प्रत्येक लॅबची रेंज वेगळी असते. जरासाच वाढलेला आकडा टाइप 1 डायबिटीस किंवा लिव्हरच्या आजारातही दिसतो. 10 पट किंवा जास्त असेल तर गोष्ट वेगळी, लहान मुलांमध्ये 2020 च्या युरोपियन गाइडलाइननुसार दुसऱ्या सॅम्पलमध्ये ईएमए (सिलिअॅकची आणखी एक अँटीबॉडी टेस्ट) पण पॉझिटिव्ह आलं तर बायोप्सी न करताही निदान करता येतं. मोठ्यांना बहुतेक वेळा बायोप्सीसाठी एंडोस्कोपी करावीच लागते.

एचएलए डीक्यू2, डीक्यू8 (सिलिअॅकशी जोडलेले जीन्स) पॉझिटिव्ह आलं म्हणून घाबरू नका, ते कितीतरी निरोगी लोकांमध्येही असतं. दोन्ही नसतील तर मात्र सिलिअॅकची शक्यता जवळजवळ नाहीच.

पथ्य सुरू केल्यावर टीटीजी लगेच नॉर्मल होत नाही, कधीकधी वर्षाच्या वर लागतं. तेव्हा पुढची टेस्ट शक्यतो त्याच लॅबमध्ये करा आणि आकडा उतरतोय का ते जुन्या रिपोर्टशी ताडून बघा.